सासूबाईंचा दहावा आणि बुलबुलाचं घरटं

ज्या उन्हाळ्यात कासार आंबोलीच्या कावळ्यांशी माझं हाडवैर जमलं, त्याच उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. याहून वाईट मुहूर्त त्यांना शोधूनही सापडला नसता.

दोन हजार चार साल असेल. हे निवृत्त झाले आणि आम्ही पुणं सोडून कासार आंबोलीतल्या आमच्या लहानशा बंगल्यात राहायला गेलो. मुलानं मला दुर्बीण दिली, त्यामुळे मी एका दिवसात पक्षीतज्ज्ञ झाले. (तोवर मला चिमणी, कावळा आणि 'इतर' एवढेच पक्षी ओळखू येत. नातवंडांना हे अजून खरं वाटत नाही.) सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या खिडकीबाहेर मधुमालतीच्या वेलात बुलबुलानं घरटं केलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघींना बोलायला विषय मिळाला.

"सुलू, मेला कावळा आला बघ घरट्यावर," त्या आतून क्षीण आवाजात म्हणत. की मी पितळी ताट आणि उलथनं घेऊन धावलेच. आंब्यावर कावळ्यांचंही घरटं होतं, त्यांनाही पोरं पोसायची होती. पण पक्षीतज्ज्ञ बाईंनी त्यांची बाजू ऐकूनच घेतली नाही. ताट बडवलं, पाइपनं पाणी मारलं, एकदा तर यांची चप्पल फेकली. (ती बहुधा अजून आंब्यावर असेल.) पुढे पुढे मी नुसती दारात आले तरी कावळे शिव्या द्यायला लागले.

"ताई, कावळ्याच्या वाटंला जाऊ नगा," शेजारच्या शेवंताबाई शेळ्या हाकता हाकता म्हणाल्या. "त्यो डूख धरतोय."

"धरू दे. माझं काय वाकडं करणार आहे?"

घरट्यात पिल्लं दिसू लागली आणि त्याच सुमारास सासूबाई गेल्या. शेवटचं बोलल्या ते मुलाशी नाही, मुलीशी नाही, माझ्याशी. "पिल्लं सांभाळ गं."

दहाव्याला घरामागच्या ओढ्याकाठी भाताचा पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून बसलो. कावळा शिवल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असं यांनी ठरवलेलं. त्यात त्यांना मधुमेह. ऊन चढत होतं. दोन्ही कावळे आंब्यावरच होते, पण पिंडाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"आईची काहीतरी इच्छा राहिलीय," वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, डोळे पुसत म्हणाल्या.

हे हात जोडून पुढे झाले. "आई, तंबाखू सोडतो." कावळे ढिम्म. "खरंच सोडतो." कावळ्यांचाही विश्वास बसेना. वन्संनी सत्यनारायण कबूल केला. मग माझी पाळी आली. "आई, तुमच्या लुगड्यांचे पडदे नाही शिवणार," मी म्हणून गेले. हा बेत तोवर कुणालाच माहीत नव्हता.

यांची साखर उतरली, चेहरा पांढराफटक पडला. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात चालतं."

"शास्त्रात चालेल, आईला चालायचं नाही," हे म्हणाले. हट्ट आईचाच.

तेवढ्यात शेवंताबाईंनी तोंड उघडलं. "त्ये कसं येतील? ताई हितं बसल्यात न्हवं? ताट बडवून बडवून लई पिडलंय त्यास्नी."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं.

"सुलू, घरी जा," वन्सं म्हणाल्या.

"अहो वन्सं, पण सासू माझी..."

"जा म्हणते ना."

मी मान खाली घालून निघाले. फाटकातून आत आले तर मधुमालतीचा वेल हलत होता. घरट्याला सकाळपासून राखण नव्हती, आणि माझी पाठ फिरताच त्या दोन कावळ्यांतला एक माझ्याआधी तिथं पोचला होता. हाताला लागली ती झारी मी फेकली. तो उडाला. अगदी सावकाश, फांदीवर चोच पुसून, मग ओढ्याच्या दिशेनं. घरटं रिकामं होतं. बुलबुलांची जोडी तारेवर बसून ओरडत होती. मी पायरीवर बसले आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू आलं.

ओढ्याकडून आवाज आला, "शिवला, शिवला."

यांना दोघांनी धरून आणलं, साखरपाणी पाजलं, चेहऱ्यावर जरा रंग आला. वन्सं माझ्याशेजारी टेकल्या. "बघ, तू नजरेआड झालीस आणि आला. एवढीच इच्छा होती गं आईची. रडू नकोस आता, सुटली ती."

"आणि नुसती चोच लावली हो," गुरुजी कौतुकानं म्हणाले. "शीतसुद्धा खाल्लं नाही. पोट भरल्याचं लक्षण. आत्मा तृप्त होऊन गेला."

तृप्त कशानं, ते मला एकटीलाच ठाऊक होतं. तीस वर्षं मी रांधून वाढलं, पण 'पोट भरलं' असं सासूबाई एकदाही म्हणाल्या नाहीत. शेवटी माझ्या हातून त्यांचं पोट भरलं ते असं, बुलबुलाच्या कोवळ्या पिल्लांवर. आणि त्यांनी तर जन्मात कांदासुद्धा खाल्ला नव्हता.