खालची बाळंतीण

"तुमच्यात कुठं असतंय गं सव्वा महिना?"

काकू असं म्हणली आणि हसली. रागानं म्हणली असती तर बरं वाटलं असतं मला. ती हसून म्हणली. मी जिन्याखाली उभी. एक हात पोटावर, टाक्यांच्या जागी. पायाशी कढत पाण्याची बकीट, तिच्यात निरगुडीचा पाला. पोट फाडून लेकरू काढलेलं. टाके आदल्या दिवशी काढून आले होते, जखम अजून ओली होती. मी एवढंच म्हणले होते की काकू, सव्वा महिना तरी होऊ द्या.

"तुमच्यातल्या बाया आज बाळंत होतेत अन् उद्या रानात दिसतेत," काकू म्हणली. "आमच्यावाणी नाजूक नसतंय तुमचं अंग. उचल, पाणी निवायलं."

उचलली मी बकीट. दवाखान्यातून सोडताना डाक्टरीणबाई म्हणल्या होत्या, लेकरापेक्षा जड काही उचलायचं न्हाई. मी हाव म्हणले होते. आता दोन मजले चढायचे होते. पायरीवर बकीट ठेवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. दात आवळून चढले. पुढं गेलेल्या काकूचा वरून आवाज, "सांडू नको गं, जिना आत्ताच पुसलाय."

काकू म्हणजे आमची मालकीण. रेणापूरकडची, घरची मोप शेती, आणि लातुरात ही इमारत. खाली मेस, मधे पोरींचं होस्टेल, वर त्यांचं घर. कुठून कुठून पोरी येतेत लातूरला, क्लास लावतेत, डाक्टर व्हायचं असतंय त्यांना. त्यांच्या पोळ्या मी लाटायची. मेसच्या मागं पत्र्याची खोली, तिच्यात आमी नवरा-बायको ऱ्हायचो. खोली कामावर मिळाली होती. काम सुटलं की खोली सुटली, हे पहिल्या दिवशीच काकूनं सांगितलेलं. नवरा बोअरच्या गाडीवर, तिकडं तेलंगणात, महिना महिना घरी न्हाई.

माझ्या हातच्या पोळ्या चालायच्या, कारण त्या पोरींनी खायच्या होत्या. वरच्या घरातल्या स्वयंपाकघराचा उंबरा मी कधी ओलांडला न्हाई. येऊ नको असं तोंडानं कुणी म्हणलं न्हाई. मी वर गेले की काकू आधीच त्या दारात येऊन उभी ऱ्हायची. माणसाला कळतंय एवढ्यावर. माझं माहेर जळकोटकडलं, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. 'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे आमच्या मुलखात फोड करून सांगायची गरज पडत न्हाई.

माझं सिझर सरकारी दवाखान्यात झालं. लेकरानं पोटात शी केली म्हणले आणि पळवतच आत नेलं. कमरेत सुई दिली. भूल उतरली तेव्हा कळलं काय झालंय ते. खोकला आला की जीव जायचा. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणली, उशी पोटाशी दाब अन् मग खोक. कुशीवर वळायचं तर खाटेची दांडी धरून, थोडं थोडं करून. संडासला बसायचं तर माय समोर दोन्ही हात धरून उभी. कुणीकुणी म्हणतेत, सिझर म्हणजे आयतं बाळंतपण. म्हणणाऱ्याच्या तोंडात माती पडो.

त्याच आठवड्यात काकूच्या लेकीचं, पल्लवीताईचं, सिझर झालं. ती पुण्यात नोकरी करते, बाळंतपणाला माहेरी आलेली. खाजगी दवाखाना, एसीची खोली. तिला बी लेकच झाली. तिचं बी तिथंच फाडलं, जिथं माझं फाडलं.

पर ती वर गेली आणि बाळंतीण झाली. खिडक्या बंद, कान बांधलेले, पलंगाखाली शेगडी, ओव्याची धुरी. तो वास जिन्यातून खाली माझ्या खोलीपर्यंत यायचा. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर. भेटायला येणाऱ्यानं आधी पायावर पाणी घ्यायचं. गिझरचं पाणी बाळंतिणीला चालत न्हाई, खाली चुलीवरच उकळायचं. आणि एक नेम लई कडक. बाळंतिणीसमोर दुसरी बाळंतीण येऊ द्यायची न्हाई, आली तर दूध आटतंय म्हणे. शेजारची सून तिचं लेकरू घेऊन कौतुकानं आली होती, तिला काकूनं फाटकातूनच परत लावलं.

मग ताईच्या अंगाला तेल लावणारी मावशी लग्नाला म्हणून गावाकडं गेली ती आलीच न्हाई. काकू खाली माझ्या दारात. माझ्या बाळंतपणाला माय आलेली. तिनं येताना पिशवीत खारका, मेथ्या आणि वाटीभर डिंक आणला होता, आणि ती मला जागचं हलू देत न्हवती. ती पुढं झाली. म्हणली, "बाई, लेकीची जखम ओली हाय. तिच्या बदल्यात मी येते वर."

"तू पोळ्या बघ," काकू म्हणली. "पोरी उपाशी बसायलेत. हिला घर म्हाईत हाय, ही येऊ दे."

म्हणजे माझं बाळंतपण करायला आलेली माय पोळपाटावर बसली, आणि मी बाळंतीण वरच्या बाळंतिणीचं पाणी घेऊन जिना चढायले.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मी आत गेले तर पल्लवीताईला खोकला आला. तिनं झटकन उशी पोटाशी दाबली. अगदी मी दाबायची तशी. मग तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. मी वाकलेली, हात पोटावर, कपाळाला घाम. तिनं नीट बघितलं, आणि मोबाईल उचलून तोंडासमोर धरला.

काकूचा राग येतोच मला. पर ताईचा जास्त येतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतेत ना? हिचं जळत होतं, हिला कळत होतं, तरी ही गप बसली. शिकलेली बाई. एक शब्द म्हणली असती, आई, हिला बसू दे, तर मी जन्मभर नाव काढलं असतं तिचं. मी तिच्या पायाला तेल लावायची, पाठीला लावायची, वाकले की माझं पोट ताणायचं, आणि ती डोळे मिटून पडायची.

चार-दोन दिवस असं चाललं. एका दुपारी मी न्हाणीत तिची रक्ताची कापडं धुवायले होते. आत तिचं लेकरू रडायला लागलं, आणि माझं दूध सुटलं. हे कुणाच्या हातात नसतंय. लेकरू कुणाचं बी असो, टाहो ऐकला की छाती भरून येते. ब्लाउज भिजला, पदर भिजला. खाली माझी बी लेक रडत असणार, मायचे हात कणकीत, तिला कोण घेणार? मी तशीच उठून बादली ठेवायला दारात आले. काकूनं बघितलं.

"अगं ए! पदर घे आधी!" काकू किंचाळलीच. "बाळंतिणीनं बाळंतिणीसमोर असं यावं का गं? माझ्या लेकीचं दूध आटवतीस का?"

बाळंतीण. तिच्याच तोंडून.

मी तशीच उभी ऱ्हायले. अगं बया, म्हणजे हिला म्हाईत होतं की! काम सांगताना मी बाळंतीण न्हवते. आमच्यात सव्वा महिना न्हवता, आमचं अंग नाजूक न्हवतं. दूध दिसलं तशी झाले लगेच बाळंतीण. पहिल्या दिवसापासून हिला म्हाईत होतं की मी कोण हाय, माझं काय झालंय, आणि तरी हिनं माझ्या हातात बकीट दिली.

"उद्यापासून छातीला कापड आवळून येत जा," काकू म्हणली. मग मीठ-मोहऱ्या घेऊन आली, आणि लेकीवरून, नातीवरून ओवाळून टाकल्या. माझी नजर लागली म्हणून उतरवली तिनं, माझ्याच डोळ्यादेखत. माझ्या हाताला अजून तिच्या लेकीच्या कापडांचा साबण होता.

मी खाली आले. जिन्यातच पोटात काहीतरी उसवल्यागत झालं होतं. खोलीत जाऊन बघितलं तर परकरावर पाणी, पिवळं, वास मारणारं. जखमेचं एक टोक उघडं पडलेलं. माय कणकीच्या हातानं पळत आली. बघितलं, आणि भिताडाला टेकून खालीच बसली.

मला वाटलं ही आता शिव्या देईल त्या वरच्या बाईला. माय म्हणली, "सोस माय थोडं. खोली जाईल. आपल्यात कुठं असतंय सव्वा महिना? तू झालीस तर मी पाचवी पुजली अन् खुरपायला गेले."

माझं डोस्कं फिरलं. काकू म्हणली तेव्हा एवढं फिरलं न्हवतं. तेच वाक्य, जसंच्या तसं, माझ्या मायच्या तोंडात!

"कोण म्हणलं तुला आपल्यात नसतंय?" मी वरडले. "मग तुझी कंबर कामून गेली? तुला उठवलं म्हणून उठलीस तू. कुणी निजू दिलं असतं तर निजली नसतीस का?"

मायचा हात तिच्या कंबरेवर गेला. हाताची कणीक वाळून गेली.

मग मी म्हणले, "बाज दारात घे." तिनं कामून म्हणून विचारलं न्हाई. बाज ओढत दारात आणली, मेसमधून सरळ दिसेल अशी. जेवणाची वेळ झालेली, पोरी ताटं घेऊन रांगेत उभ्या. मी कानाला रुमाल बांधला, लेकीला पाजायला घेतलं आणि निजले.

काकू आली. "हे काय सोंग? चल, शेकायची वेळ झाली."

"मी येत न्हाई," मी म्हणले. "मी बाळंतीण हाय."

"काय म्हणलीस?"

"मघाशी तुमीच म्हणलाव. तुमच्या लेकीचं दूध आटंल म्हणून न्हाई थांबले मी. तिचं दूध तिच्यापाशी. माझी जखम उघडी पडलीय, पाणी यायलंय. तुमच्या लेकीला जेवढं निजवताव तेवढंच मी बी निजणार."

काकू पोरींकडं बघून हसली. तेच हसणं. "बघा गं, ह्यांना बी आता आमच्या बरोबरीचे डोहाळे लागले."

एक बी पोरगी हसली न्हाई. एक बी पोरगी बोलली बी न्हाई. सगळ्या डाक्टर होणार होत्या. ताटं घेऊन उभ्या होत्या.

"खोली रिकामी कर मग. उद्याच्या उद्या."

"करते."

नवऱ्याला फोन गेला होता काकूचा. तो मला म्हणला, माफी मागून टाक, कुठं ऱ्हायचं आपण? मी म्हणले, तुझं पोट फाडलेलं न्हाई, तू मधे बोलू नको. फोन ठेवला. सकाळी मायनं भांडी बोचक्यात बांधली, रिक्षा आणली. काकू वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायली होती. मला ऐकू येईल असं शेजारणीला म्हणली, "सुंठीवाचून खोकला गेला." रिक्षा आधी दवाखान्यात नेली. सिस्टरनं जखम साफ केली, मी पट्टीचा बोळा दातात धरला. मग जळकोटची एसटी. प्रत्येक खड्ड्याला मी काकूच्या नावानं शिवी दिली, मोठ्यानं. लोक बघत होते, बघू दे.

माहेरी मायनं बाज टाकली, शेगडी पेटवली, कान बांधले. थोड्या दिवसांनी गावातली एक बागायतदारीण दारात आली. मायला म्हणली, "खुरपायला चल. लेक आलीय म्हणं, तिला बी आण."

"लेक बाळंतीण हाय," माय म्हणली. "ती येत न्हाई. तिचं करायचंय, मी बी येत न्हाई. सव्वा महिना."

"तुमच्यात कवापासून?"

"आजपासून," माय म्हणली आणि शेगडी फुंकायला बसली.

आता लेक रांगायलीय. मी नांदेडला पोळ्या लाटते, भाड्याच्या खोलीत ऱ्हाते. नवरा येऊन गेला, लेकीला खांद्यावर घेऊन बसला. मागं काकूचा फोन आला. तिच्याकडं बाया टिकत न्हाईत म्हणे.

"ये परत. खोली देते. झालं गेलं विसरून जा."

"येते की," मी म्हणले. "ताईला शेजारी बसवा. दोघी म्हणा, तू बी बाळंतीण होतीस, तुला उठवायला नको होतं."

काकू म्हणली, "लई शानी झालीस गं तू." आणि फोन ठेवला.

वण वाळलाय. कणीक मळताना वाकले की अजून ओढ बसते तिथं. बसू दे. त्या दोघींच्या तोंडून ते निघत न्हाई तोवर त्या जिन्याची पायरी मी चढणार न्हाई, माझी लेक चढणार न्हाई. उद्या माझी लेक बाळंत झाली की तिची बाज मी दारात टाकणार, रस्त्यावरून दिसेल अशी, आणि बाजेला आडवी मी बसणार. मग या म्हणावं कुणी तिला उठवायला.