आधी कोणाला दिसलं

एनोकिनेला तिचं नाव मिळालं ते गोळी खाऊन मेलेल्या मामाकडून. मामा एनोक मेला हिवाळा सरता सरता आणि ही जन्मली त्यानंतर थोड्याच दिवसांनी. आमच्याकडे, ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, मेलेल्याचं नाव फार काळ बेवारस ठेवत नाहीत. पुढे जे मूल जन्मेल, मग तो मुलगा असो की मुलगी, त्याला ते नाव देतात आणि नावाबरोबर माणूसही परत आला असं धरून चालतात. पाद्र्याने कपाळावर पाणी शिंपडून 'एनोकिने' म्हटलं, पण घरात ती एनोकच. आजी थोमासिने तिला 'लेका' म्हणायची. सख्खी आई 'दादा' म्हणायची, कारण मेलेला तिचा थोरला भाऊ. या 'दादा'ला अंगावर पाजताना तिला रडू कोसळायचं. शेवटी पोर चालायला लागल्यावर ती डेन्मार्कला निघून गेली ती गेलीच.

नावाबरोबर एनोकिनेला मामाचा अस्वलाच्या कातड्याचा पायजमा मिळाला, मामाची रायफल मिळाली, आणि एक शिवीही मिळाली. खोटारडा.

ती गोष्ट सगळ्या किनाऱ्याला पाठ आहे. मामा एनोक आणि त्याचा जोडीदार मानासे कुत्र्यांच्या गाड्या घेऊन भूशिरापलीकडे गेले आणि अस्वल मारून आले. आता आमच्यात अस्वल मारणाऱ्याचं नसतं. ज्याला आधी दिसतं, कातडं त्याचं, मग गोळी कोणीही घालो. दोघेही म्हणाले, मला आधी दिसलं. वाटेत म्हणाले, गावात येऊन म्हणाले, मानासेच्या स्वयंपाकघरात दारू पिता पिताही तेच म्हणाले. चुलीवर त्याच अस्वलाचं मांस शिजत होतं.

"माझ्या आईची शपथ," एनोक म्हणाला.

"तुझी आईही खोटारडी," मानासे म्हणाला.

एनोकने त्याचं नाक फोडलं. मानासे उठला, बाहेरच्या खोलीत गेला, रायफल घेऊन आला आणि दारात उभं राहून त्याने जोडीदाराच्या छातीत गोळी घातली. शेजारी धावले तेव्हा एनोक भिंतीला टेकून बसला होता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि तो म्हणत होता, "मला दिसलं. आधी मला." तेच म्हणत तो गेला.

मानासेने खून तिथल्या तिथे कबूल केला. राजधानीच्या तुरुंगात वर्षं काढली, बंदूक बाळगायचा हक्क कायमचा गमावला. पण अस्वल मलाच आधी दिसलं, हे मात्र त्याने सोडलं नाही. कोर्टात नाही, पाद्र्यासमोर नाही, परत आल्यावर नाही. खून कबूल, खोटं नाकबूल. असला माणूस तो!

"मारलं ते मारलं," आजी म्हणायची. "दारूत माणसाचं डोकं फिरतं. पण माझा पोरगा खोटं बोलत मेला म्हणून हा मुडदा जगाला सांगत फिरतो, ते मी कसं गिळू?"

आजी गिळत नव्हती आणि शाळेतली पोरं एनोकिनेला गिळू देत नव्हती. "काय गं एनोक, आज काय काय दिसलं?" एवढंच विचारायचं की झालं. एकदा तिने या प्रश्नावर एकाचे पुढचे दोन दात पाडले. पोराची आई भांडायला आली तेव्हा आजीने तिला कॉफी दिली आणि म्हणाली, "दुधाचेच होते ना? येतील परत." त्या संध्याकाळी आजीने नातीला रायफल हातात धरायला शिकवलं.

मानासे तुरुंगातून सुटून गावातच परत आला. दुसरीकडे जाणार कुठे? आमच्या गावातून रस्ता कुठेच जात नाही. लोक त्याच्याशी बोलायचे, मांस वाटलं तर त्याचाही वाटा काढायचे. फक्त एक गोष्ट सगळ्यांनी पाहून ठेवली होती. एनोकिनेचं नाव तो घेत नसे. ती समोरून आली की टोपी खाली ओढायचा.

पुढे पाहुण्यांचा धंदा आला. उन्हाळ्यात पाच-सहा पाहुणे यायचे. त्यांना दिवसभर किनाऱ्याने फिरवायचं, हिमनग दाखवायचे, ओस पडलेल्या जुन्या वस्तीवर जेवू घालायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं. एनोकिनेला इंग्रजी येत होतं आणि नेमबाजीत तिचा हात कोणी धरला नसता, म्हणून ती गाईड. भूशिराजवळचं बर्फ मानासेइतकं कोणाला कळत नव्हतं, म्हणून होडी त्याची.

आजीने ताट ढकललं. "त्याच्या होडीत बसणार तू?"

"बसणार."

"का रे लेका?"

"होडीतून पळून कुठे जाईल? एक दिवस बोलेलच."

तिला त्याच्याकडून एवढंच हवं होतं. मारणं नको, माफी नको. तेवढं एक वाक्य हवं होतं. दर फेरीला होडी भूशिराला वळसा घालू लागली की ती मागे सरकून त्याच्याजवळ बसायची आणि पाहुण्यांना न कळणाऱ्या आपल्या भाषेत विचारायची, "कोणाला दिसलं, मानासे?"

"इंजिनाचा आवाज फार आहे, गाईडबाई. ऐकू येत नाही."

"इंजिन बंद कर मग."

"बंद केलं तर तुझे पाहुणे डेन्मार्कला पोचतील वाहत वाहत."

तीन उन्हाळे हेच चाललं होतं.

त्या दिवशी ऑगस्ट संपत आला होता. पाच पाहुणे लाल सूट घालून उकडलेल्या कोळंबीसारखे ओळीने बसले होते. भूशिरापाशी नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर झालं. जुन्या वस्तीवर उतरल्यावर एनोकिनेने रायफल घेऊन चढावर चक्कर मारली, चहूकडे पाहिलं, काही दिसलं नाही. मग तिने वाळवलेला मासा, राईचा पाव आणि कॉफी मांडली. मानासे होडीतच राहिला.

हेल्मुट नावाचा एक जर्मन दातांचा डॉक्टर होता. त्याला लघवीला जायचं होतं आणि बायकांसमोर लाज वाटत होती. तो शेवटच्या पडक्या घरामागे निघाला.

"फार लांब जाऊ नका," एनोकिने म्हणाली. "इथे तुम्हाला बघायला कोणी नाही." हे तिचं ठरलेलं विनोदी वाक्य होतं, त्यावर पाहुणे दरवेळी हसायचे. त्या दिवशीही हसले.

घळीतून अस्वल उतरत होतं. जेवायच्या जागेवरून ते घराआड होतं, होडीतून मात्र दिसत होतं.

"एनोक!" मानासे किंचाळला. "घरामागे! एनोक!"

क्षणभर तिला काय चाललंय ते कळेना. त्याच्या तोंडून ते नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग हेल्मुटची किंकाळी आली आणि ती धावली.

ती घराच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मानासे होडीतून उडी टाकून दुसऱ्या बाजूने वर चढला होता. त्याच्या हातात होडी ओढायची लोखंडी आकड्याची काठी होती. हेल्मुट पालथा पडला होता, पँट गुडघ्यात, पाठीवरचा सूट फाटून कापूस उडत होता, आणि अस्वलाने दुसरा पंजा उगारला होता. उन्हाळाभर उपाशी राहिलेलं अस्वल, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. मानासेने सगळा जोर लावून आकडा त्याच्या मानेत घातला. अस्वल वळलं. काठी मोडली. अस्वलाने मानासेला एका फटक्यात खाली घेतलं, गाल जबड्यापासून सोलून काढला आणि खांदा तोंडात धरून त्याला झटकलं. हाड मोडल्याचा आवाज एनोकिनेला स्पष्ट ऐकू आला.

ती गुडघ्यावर बसली. नेम धरला. अस्वलाचं डोकं समोर होतं, इतक्या जवळून आंधळ्याचाही नेम चुकला नसता. बोट चापावर होतं. आणि तिने गोळी घातली नाही.

खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. अस्वल त्याला ओढत होतं, फरफटत होतं, दगडांवर रक्ताचा पट्टा उमटत होता, आणि मानासेचे डोळे तिच्याकडे लागलेले होते. तो मदतीला हाक मारत नव्हता. नुसता बघत होता. ती का थांबलीय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग तिच्या मनात आलं, हा आता मेला तर ते वाक्यही याच्याबरोबर जाईल.

म्हणून तिने गोळी घातली. दयेने नाही, त्या वाक्यासाठी. पहिली अस्वलाच्या मानेत बसली, ते मागच्या पायांवर उभं राहिलं, दुसरी छातीत, आणि ते कोसळून मानासेच्या पायांवर पडलं. तिसरी तिने जवळ जाऊन कानात घातली.

परतीच्या वाटेवर होडी तिने चालवली. हेल्मुटच्या पाठीवर चार खोल ओरखडे होते, पण तो वाचला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. मानासे तिच्या पायाशी पडला होता. तिने त्याचा चेहरा आणि खांदा घट्ट बांधला होता, तरी रक्त थांबत नव्हतं.

"वेळ लावलास," तो पट्टीआडून म्हणाला. शब्द चघळल्यासारखे येत होते.

"लावला."

"हं. मीही लावला असता."

भूशीर आलं. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही.

वायरलेसवर कळवलं होतं, त्यामुळे सगळा गाव धक्क्यावर जमला होता. हेलिकॉप्टर निघालं होतं. मानासेला फळीवर ठेवून वर घेतलं. आजी काठी टेकत पुढे येऊन उभी राहिली. हेल्मुट सगळ्यांना एनोकिनेकडे बोट दाखवून सांगत होता, हिने मारलं, हिने वाचवलं. आणि मग म्हाताऱ्या व्हिटुसने, जो गावात सगळ्यांत जुना शिकारी, विचारायचं ते विचारलं.

"कोणाला आधी दिसलं?"

माणसाला वाचवायला मारलेल्या अस्वलाचं कातडं सरकारजमा होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी विचारायचं ते विचारायचंच. सगळे एनोकिनेकडे बघायला लागले. आजीही बघत होती, आणि तिचे डोळे चमकत होते. एक शब्द पुरे होता. मला, एवढंच म्हणायचं. पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, मानासेचं तोंड फाटलेलं होतं. एनोकला अस्वल आधी दिसलं, असं गावाने एकदा ऐकलं असतं आणि आजी सुखाने डोळे मिटायला मोकळी झाली असती.

"मानासेला," एनोकिने म्हणाली. "मी वर जाऊन बघून आले होते. मला दिसलंच नव्हतं. त्याने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं."

आजीने मान फिरवली. कोणीतरी मागे हलकेच हसलं.

फळीवर मानासेने धड असलेला हात उचलला. व्हिटुस वाकला.

"हे मला," मानासे म्हणाला. धाप लागली म्हणून थांबला. "ते एनोकला. तेव्हाचं. त्याने बोट दाखवलं, मग मला दिसलं."

धक्क्याच्या टोकाला बांधलेली कुत्री भुंकत होती.  एनोकिनेने रायफल खांद्यावरून काढून जमिनीला टेकवली आणि तिच्या आधाराने उभी राहिली. ती रडत होती आणि पुसत नव्हती.

आजी फळीपाशी गेली. ती मानासेच्या फाटक्या तोंडावर वाकली.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"थोमासिने, जाऊ दे, रक्त जातंय त्याचं," व्हिटुस म्हणाला.

"माझ्या पोराचंही गेलं होतं. आणि तो बोलत होता."

मानासे मोडक्या खांद्याची पर्वा न करता कोपरावर उठला. गालावरची पट्टी सुटली, रक्त छातीवर ओघळलं, आणि तो पार कुत्र्यांपाशी उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू जाईल असा ओरडला.

"आधी एनोकला दिसलं!"