सावडीचा दिवस

"नाय गो बाय, हे मी नाय लिवायची. खोटं हाय."

"काकी, परीक्षेत खरंखोटं कोन बघतंय? लिव. वी हेल्प ईच अदर. आमी एकमेकींना मदत करतो."

"आमी म्हंजे कोन?"

"तू आन् माजी आई, समज."

गीताबाईनं पेन खाली ठेवलं.

किन्हवलीजवळच्या एका पाड्यावर ती अंगणवाडीत मदतनीस. पुढं सेविका व्हायचं म्हणून बेचाळिसाव्या वर्षी दहावीचा फॉर्म भरलेला. इंग्रजी शिकवायला दुपारी येते ती भाविका, मोठ्या जावेची, सरस्वतीची पोरगी. आई काकीशी बोलत नसली, तरी पोरीनं येणं सोडलं नाही.

बोलणं तुटलं दोन सालांमागं, भाताच्या आवणीत. दोघींची सावड होती. आज तू माझ्या खाचरात रोपं लावायला ये, उद्या मी तुझ्यात. सरस्वती येऊन दिवसभर वाकली. परतफेडीच्या दिवशी गीताबाई तापानं फणफणली. दिवस चुकू नये म्हणून तिनं मजुरीची बाई धाडली. तिला वाटलं, फिटलं. सरस्वती बांधावरून कडाडली, "मला काय नुसतं हात पायजे व्हतं? निरोप धाडतीस तर तुजी पेज करून दिली असती!" तेव्हापासून दोन खाचरांत दोघी, एकट्या. यंदा गीताबाईची अर्धी रोपं राबाच्या वाफ्यातच, लावणीवाचून पिवळी पडायला लागलेली.

"एकीनंच मदत केली, तर चालंल का हा शब्द?" तिनं विचारलं.

"नाय. दोघींनी करायला लागतं."

"पन पयली कोनतरी एकच असंल ना?"

भाविकानं पुस्तकाची पानं उलटून पाहिली. त्यात हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. गीताबाईनं लुगडं खोचलं नि स्वतःच्या खाचरावरून पुढं निघून थेट सरस्वतीच्या चिखलात उतरली. हाक नाही, निरोप नाही. बांधावरची रोपांची एक मूठ उचलून तिचा बंद सोडला नि लावू लागली.

सरस्वती पलीकडं वाकून लावत होती. हातातली मूठ संपवून, मान वर न करता म्हणाली, "ताप नाय ना गो आज?"

"नाय, जाऊबाय."

"मंग जरा पातळ लाव. नेमीच दाट लावतेस."

गीताबाईला हसू आलं, पण नाक पुसायचं निमित्त करून तिनं ते लपवलं; गालाला चिखल लागला.

"दुपारी पोरगी शिकवायला येईल ना तुज्याकडं?"

"येईल."

"तिला सांग, उद्या तुज्या खाचरात मी हाय. भाकरी घरनं आनीन म्हनावं."

गीताबाई "बरं" म्हणाली, पुढची मूठ सोडली आणि वाकली.