मालकाला सांग

खुटबावच्या शिवारात आमची वस्ती आहे. तिथे माझी वारलेली बायको दिवेलागणीला घरातून फिरते, असं अलीकडे सांगितलं जातं. हे सांगण्याचा पहिला मान माझ्या चुलत भावाचा. रस्त्याने जाताना त्याने तिच्या पातळाचा काठ आमच्या ओसरीवरून सरकताना पाहिला म्हणे. काठ सरकत होता, हे मी नाकारत नाही. त्या पातळात एक बदक गुंडाळलेलं होतं, हे पाहायला तो थांबला नाही, आणि न थांबता पाहिलेल्या गोष्टीवर यवतच्या बाजारापर्यंत बोलत राहिला. सोसायटीच्या सभांतही त्याची रीत हीच होती.

दुसरी हकीकत माझ्या मुलाची. ती अधिक वाईट, कारण ती शहाणपणाने सांगितली जाते. तो शिरूरला राहतो, तिकडेच एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या म्हणण्यानुसार त्याच्या आईचा आणि माझा शेवटची काही वर्षं अबोला होता, आणि तो सल आता मला खातो, म्हणून मी बदकाशी बोलत बसतो.

अबोला म्हणजे बोलणं बंद. आमच्या घरात बोलणं एक दिवसही बंद पडलं नाही. शेततळ्याच्या जागेवरून आमचं वाजलं; त्याचं कारण आम्हा दोघांचं होतं आणि ते मी इथे उकरणार नाही. त्यानंतर ती मला समोरून बोलेनाशी झाली, इतकंच. त्याच तळ्यात तिने सोडलेल्या बदकांपैकी एक घरात येऊन-जाऊन असे. भाकरी झाली की ती त्याला म्हणे, "मालकाला सांग, वाढलंय." बदक ओसरीवर माझ्या बाजेसमोर येऊन उभं राही. मीही त्यालाच म्हणे, "सांग, हात धुऊन येतो." मग ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही आत जात असू. ती पहिला तुकडा त्याच्यापुढे टाकी आणि नंतर माझ्या ताटाकडे वळे. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालक म्हणतात. ज्याला हे बोलणं वाटत नसेल, त्याने आपल्या घरातलं बोलणं एकदा नीट ऐकून पाहावं.

ती गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात बदकाने शेडच्या कामातली बांधणीची तार गिळली आणि मान टाकली. मुलगा आणि सून तेव्हा वस्तीवर आले होते. मी बदकाला टोमॅटोच्या क्रेटमध्ये घातलं, मुलाने गाडी काढली आणि आम्ही दौंडला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. शेळी घेऊन बसलेल्या एकाने क्रेटमध्ये डोकावून विचारलं, "आबा, मसाला घरनं आणलाय, का हितंच वाटायचा?"

"तुझ्या शेळीचं काय व्हतंय बघू," मी म्हटलं, "मंग दोन्हीचा एकदम वाटू."

बाकीचे हसले. तोही हसला, पण शेळीच्या पाठीवर हात ठेवून.

भूल देऊन, पोट उघडून तार काढली गेली. डॉक्टर तरुण होता. बाहेर येऊन त्याने विचारलं, "बदकाचे मालक कोण?"

मी उभा राहिलो, पण उत्तर मुलाने दिलं. वर म्हणाला, "आबांना कमी ऐकू येतं." माझे कान शाबूत आहेत. पण तिच्यानंतर 'मालक' हा शब्द मला कोणी लावला नव्हता.

डॉक्टरने बजावलं, "टाके ओले होऊ देऊ नका, तळ्याकडे सोडू नका, चोचीने टाके ओढू नयेत म्हणून मऊ सुती कापड गुंडाळा. आणि त्याने आपणहून खाल्लं पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर मग आशा धरू नका."

तिच्या पेटीतलं धुऊन धुऊन विरलेलं पातळ मी काढलं. गुंडाळण्यात मला काही गती नव्हती. टोक मागे लोळत राहिलं. क्रेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आडवा करून ठेवला. तळ्यावरची मोटार सुरू झाली की पाण्याच्या आवाजाने बदक मान लांब करी आणि पुन्हा आखडून घेई. मी गहू भिजवून पुढे ठेवले, तांदूळ ठेवले, बांधावरच्या गोगलगायी ठेवल्या. त्याने चोच लावली नाही. ते माझ्याकडे पाहतही नव्हतं. माझ्या खांद्यावरून, मागे, उभ्या माणसाच्या उंचीवर त्याची नजर लागलेली असे. मी वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. एकदाच पाहिलं. फळीवर डबे होते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सून म्हणाली, "मामा, आत्या ह्याला खायला घालताना काय म्हणायच्या? तसं म्हणून बघू का?"

"काय न्हाई म्हणायची," मी म्हटलं.

मुलगा दारात होता. "आबा, एवढं तुम्ही आईपाशी बसला असता तर..." म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून बाहेर गेला. सूनही त्याच्यामागे गेली. त्या अर्ध्या वाक्याला मी उत्तर देत नाही.

मला ते शब्द ठाऊक होते. पण त्यातला मालक मीच. मलाच बोलावणं पाठवणारे तिचे शब्द माझ्या तोंडी शोभणारे नव्हते. ऊन ओसरीवरून उतरलं. बदकाचे डोळे अर्धे मिटले. तेव्हा मी खाली वाकून म्हणालो, "मालकाला सांग, वाढलंय."

ते उठलं. क्रेटच्या आडव्या काठावरून धडपडत बाहेर आलं आणि माझ्या पायाला घासून ओसरीवर गेलं. मागे पातळाचं टोक ओढलं जात होतं. नेमका तेव्हाच चुलत भाऊ रस्त्याने चालला होता. बदक माझ्या रिकाम्या बाजेसमोर जाऊन उभं राहिलं. मी त्याच्या मागेच उभा होतो आणि ते माझी वाट पाहत होतं.

मी वळसा घालून बाजेवर जाऊन बसलो. "सांग, हात धुऊन येतो," म्हटलं. ते वळलं, आत गेलं. मी खरोखर हात धुतले, मग आत जाऊन भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. त्याने आधी वर पाहिलं, त्याच उंचीवर. मग मान खाली घालून खाल्लं. कोणी होकार दिला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. घरात मी एकटा होतो.

टाके निघाले, बदक तळ्यात परतलं. ते वाक्य मी पुन्हा उच्चारलेलं नाही. तरी रोज दिवेलागणीला ते तळ्यातून वर येतं, आधी स्वयंपाकघरात जातं, तिथे कोणी नसताना थोडा वेळ थांबतं, आणि मग माझ्या बाजेसमोर येऊन उभं राहतं. मुलगा याला सवय म्हणतो. त्याला ओसरीवर बसून आतली ती शांतता ऐकावी लागत नाही. मी उठतो, हात धुतो आणि त्याच्या मागून आत जातो.