जबल शम्सवर बर्फ पडला तेव्हा

ओमानमध्ये मी दोनदा आलो. पहिल्यांदा वर्दीत, दुसऱ्यांदा पोटापाण्यासाठी. आता मस्कतच्या गाला भागात एका कंपनीच्या गोदामांवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे आणि तिथल्याच हमरिया वस्तीत राहतो. इथल्या मराठी मंडळींत बसलो की फौजेच्या गोष्टी निघतात. काश्मीरचा बर्फ सांगितला तर सगळे माना डोलावतात. मी ओमानमध्ये बर्फात अडकलो होतो म्हटलं की मात्र हसतात. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर कांबळेसाहेबांनी तर सरळ विचारलं, "सुभेदारसाहेब, फ्रीजमधला का?" म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकतो.

दोन हजार दहाच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. महिना फेब्रुवारी. आमच्या बटालियनची एक कंपनी ओमानच्या सैन्याबरोबर संयुक्त सरावासाठी आली होती. मी सुभेदार होतो, एका प्लाटूनचा कमांडर. कॅम्प ओमानमधल्या सगळ्यात उंच डोंगराच्या, जबल शम्सच्या खाली, एका सपाटीवर. सकाळी पीटी, मग फायरिंग, दुपारनंतर दोन्ही देशांच्या जवानांचं मिळून पेट्रोलिंग. आमच्या लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा चहा त्यांना आवडला आणि त्यांचा खजूर आमच्या पोरांनी पोती रिकामी होईपर्यंत खाल्ला.

त्यांच्या प्लाटूनमध्ये माझी गट्टी जमली ती रकीब मुरादशी. रकीब म्हणजे त्यांच्याकडचा सार्जंट, आपला हवालदार. आमच्या पोरांना हा शब्द गझलांतून माहीत, तिथं रकीब म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी. त्यामुळे पहिले दोन दिवस त्याला हाक मारली की पोरं खाली माना घालून हसायची. मुराद मूळचा बलुची, हिंदी अगदी घरच्यासारखी बोलायचा. तिसरा होता मेजर हॅरिस. इंग्लंडच्या फौजेतून ओमानच्या सैन्यात काही वर्षांसाठी आलेला, उंच आणि सडपातळ, नाक कायम उन्हानं सोललेलं.

सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात हवा फिरली. उत्तरेकडून ढग आले आणि वायरलेसवर निरोप आला की वरच्या भागात बर्फ पडू शकतो. चहाच्या तंबूत लगेच गप्पा रंगल्या, कुणाचा देश बर्फाशी कसा झुंजतो यावर. मी आमच्या उत्तरेकडच्या पोस्टचं सांगितलं. खिंड बंद व्हायच्या आत सगळ्या हिवाळ्याचं रेशन आणि रॉकेल वर पोचवायचं. फावडं बंकरच्या आत ठेवायचं, बाहेर नाही, कारण सकाळी दारच गाडलेलं असतं. बंकरपासून संडासापर्यंत दोर बांधायचा, नाहीतर जवान दहा पावलांवर हरवतो. हॅरिसनं नॉर्वेतल्या ट्रेनिंगचं सांगितलं. तिथं हिवाळा लागण्याआधी रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवतात, म्हणजे सगळं पांढरं झालं तरी रस्ता कळतो. त्याच्या स्वतःच्या देशात काय करतात, असं मी विचारलं. तो म्हणाला, दोन बोटं बर्फ पडला की आम्ही शाळा बंद करतो आणि सरकारला शिव्या देतो. मुराद म्हणाला, आमच्याकडे पाण्याची तयारी असते. वादी, म्हणजे कोरडी नदी, एका तासात गाडी वाहून नेते. बर्फासाठी आमच्याकडे फक्त मोबाइलचा कॅमेरा आहे.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बर्फ सुरू झाला. आधी विरळ, मग भरभरून. खरं सांगतो, मी आयुष्यात बर्फाला इतक्या शिव्या घातल्यात, पण त्या सकाळी मला आनंद झाला. ओमानी जवान लहान पोरांसारखे नाचत होते. कुणी तोंड उघडून बर्फ झेलतंय, कुणी आईला व्हिडिओ कॉल लावतंय. आमची निम्मी पोरं नवी भरती, त्यांनीही बर्फ पहिल्यांदाच पाहिला. क्रिकेट सुरू झालं आणि पांढरा चेंडू बर्फात हरवल्यावर संपलं. एकटा हॅरिस कामाला लागला होता. त्यानं तंबूच्या जादा काठ्या घेतल्या, त्यांना लाल फडकी बांधली आणि चार जवान घेऊन वर जाणाऱ्या ट्रॅकच्या दरीकडच्या कडेनं काठ्या रोवत निघाला. आम्ही त्याची भरपूर चेष्टा केली. मी विचारलं, "सर, लग्नाचा मांडव घालताय का?" त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

हा ट्रॅक वरच्या धारेजवळ जात होता. तिथं आमची ऑब्झर्वेशन पोस्ट होती, एक तंबू आणि एक वायरलेस सेट. पोस्टवर चार जण होते, तीन ओमानी आणि आमचा लान्स नाईक विलास खोत. विलास गुहागरकडचा, समुद्राकाठी वाढलेला, पोरगा हुशार आणि वायरलेसवर आवाज एकदम खणखणीत. आदल्या संध्याकाळी ते वर गेले होते आणि त्या संध्याकाळी त्यांची बदली होणार होती.

दुपारी दोनच्या रिपोर्टला मी सेटजवळ होतो. विलास म्हणाला, सगळं ठीक आहे, बर्फ गुडघ्यापर्यंत आलाय, पण आत मस्त गरम आहे. ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. त्याचा आवाज जड होता, प्यालेल्या माणसासारखा, आणि वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायचं तो विसरला होता. मी माइक घेतला.

"विलास, बाकीचे तिघं काय करतायत? ओव्हर."

"झोपलेत."

"आत शेगडी आहे का? ओव्हर."

"आहे ना. कॉफीचे निखारे. पडदा गच्च बांधलाय, वारा नाय येत." तो थोडा थांबला. "डोकं दुखतंय, तात्या."

दोन वर्षांत विलासनं मला 'साहेब'शिवाय हाक मारली नव्हती. तात्या म्हणजे त्याच्या घरचं कुणीतरी. त्याला आपण कुणाशी बोलतोय हेच कळत नव्हतं.

"विलास, पडदा उघड. आत्ता. हा हुकूम आहे. ओव्हर."

"उघडतो..."

त्यानंतर सेटवर नुसती खरखर. मी पाच-सहा वेळा हाक मारली, उत्तर नाही.

तुम्हा मंडळींना सांगायला हवं. बंद तंबूत कोळसा जळला की हवेत विषारी वायू भरतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. उघड्या वाळवंटात निखाऱ्यावर कॉफी करणाऱ्या माणसांना हे कधी शिकायची गरजच पडत नाही. वरून ओला बर्फ तंबूवर थिजला होता, म्हणजे कापडातून येणारी हवासुद्धा बंद. हॅरिसनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चारकोल, सर. क्लोज्ड टेंट." पुढचं काही सांगावं लागलं नाही. तो धावत मेडिकच्या तंबूकडे गेला, ऑक्सिजन आणायला.

मी दोर आणि फावडी गोळा करायला सांगितली आणि चाकांसाठी साखळ्या मागितल्या. साखळ्या नव्हत्या. ओमानमध्ये कशाला असतील? आमच्याकडे पहाडात साखळीशिवाय बर्फात गाडी काढली तर ड्रायव्हरची धडगत नसते. मी हात टेकले. म्हटलं, चालत निघू या. चालत म्हणजे कमीत कमी तीन तास, आणि चौघांकडे तीन तास नव्हते. तेवढ्यात बघतो तर मुराद गुडघ्यांवर बसून पिकअपच्या चाकातली हवा सोडत होता. मी त्याच्यावर खेकसलोच.

"मुराद, ये क्या कर रहे हो?"

"साब, ये सफेद रेत है. रेत में गाड़ी चलाना हमको आता है. बैठो."

बसलो. काय चालवली हो त्यानं! चपटी झालेली चाकं बर्फावर पसरून चालत होती. ब्रेकला पाय लावत नव्हता, गाडी कुठं थांबू देत नव्हता, वळणावर मागचा भाग घसरला की स्टेअरिंग हलकेच सोडून पुन्हा धरत होता. मागे हॅरिस, मेडिक आणि आमचे सहा जवान दोर घट्ट धरून बसले होते. अर्ध्या वाटेवर ढग खाली उतरला आणि समोरचं काहीच दिसेना. एका अंगाला खोल दरी. मग पांढऱ्यातून एक लाल फडकं दिसलं. पुढे दुसरं, मग तिसरं. सकाळच्या मांडवाच्या काठ्या. मी मागे वळून हॅरिसला कडक सॅल्यूट ठोकला. तुम्हाला खोटं वाटेल, पण आम्ही गाडीत मोठमोठ्यानं हसत होतो. भीती इतकी होती की तिला दुसरी वाटच नव्हती.

ट्रॅक संपला तिथून पुढे पायी. ही आमची पाळी. सगळ्यांना एका दोरात बांधलं, पुढे मी. फावड्याच्या दांड्यानं बर्फ टोचत चाललो, कारण खाली खडकांत भेगा होत्या. त्या उंचीवर धाप लागते, पण कुणी थांबलं नाही. तंबू दिसला तो नुसता पांढरा उंचवटा. मुरादनं वरचा बर्फ हातांनी ओरबाडला आणि सुरीनं कापड उभं चिरलं. आतून ऊब तोंडावर आली. इतकी गोड ऊब की एक क्षण आत जाऊन बसावंसं वाटलं.

विलास दारापाशी पालथा पडला होता. हात पडद्याच्या नाडीवर. खालच्या दोन गाठी त्यानं सोडल्या होत्या, तिसरी अर्धी. मेडिक नंतर म्हणाला, वाऱ्याआडच्या त्या बाजूला बर्फ कमी साचला होता, जमिनीलगतच्या चार बोटांच्या फटीतून आत हवा येत राहिली म्हणून आम्हाला वेळ मिळाला. भान सुटत असताना पोरानं हुकूम पाळला होता.

चौघांना बाहेर ओढलं. दोघं थंड हवेत लगेच कण्हायला लागले. विलासला ओकारी झाली, तेव्हा मला जो आनंद झाला तो आयुष्यात कुणाच्या ओकारीनं झाला नसेल. सालेम नावाचा जवान मात्र श्वास घेत नव्हता. हॅरिसनं तोंडानं श्वास द्यायला सुरुवात केली, मेडिक छाती दाबू लागला. मुराद शेजारी बसून त्याचं नाव घेत होता, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग सालेम खोकला. एकदा, दोनदा, आणि मग रडायला लागला. आम्ही वाऱ्यानं उडालेल्या टोप्यांची पर्वा न करता एकमेकांना मिठ्या मारल्या. कोण कुठल्या फौजेचा हे कुणी पाहिलं नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर आळीपाळीनं लावत, पाठुंगळी घेऊन चौघांना गाडीपर्यंत आणलं आणि उजेड असतानाच कॅम्पवर पोचलो.

चौघंही वाचले. कॅम्पच्या हॉस्पिटल तंबूत विलासनं मला पाहिल्यावर पडल्या पडल्या सावधान व्हायचा प्रयत्न केला. मी त्याला एक शिवी दिली आणि तोंड फिरवलं, कारण डोळे भरले होते.

बाहेर मुराद उभा होता. त्यानं विचारलं, साब, नुसत्या आवाजावरून तुम्हाला कसं कळलं? मग मी त्याला नाईक दत्ता शेलारबद्दल सांगितलं.

दत्ता साताऱ्याच्या खटाव भागातला. मी शिपाई असताना काश्मीरमध्ये आम्ही एका पोस्टवर होतो. बंकरमध्ये बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, तिचा धुराचा पाइप छतातून बाहेर काढलेला. एका वादळात बर्फानं पाइपचं तोंड बंद झालं. आत आम्ही सहा जण. दत्ताला जाग आली तेव्हा त्याचंही डोकं भणभणत असणार. दार उघडून तो आधी स्वतः बाहेर पडू शकला असता. त्यानं एकेकाला ओढून बाहेर काढलं. पाच जणांना. मी चौथा. पाचव्याला काढून तो परत आत गेला, बुखारी विझवायला, आणि तिथंच पडला. आम्हाला शुद्ध आली तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर आमच्या बटालियनमध्ये नियम झाला. आत आग असेल तर एक जण जागा राहणार आणि दर तासाला दार उघडणार. त्या कामाला आम्ही शेलार ड्यूटी म्हणतो. पुढे बटालियन बर्फातून खाली उतरली, नवी पोरं आली आणि त्यांना हे सांगायचं आमच्याकडून राहून गेलं होतं.

मुरादनं मला ते नाव पुन्हा सांगायला लावलं, दोनदा. मग तो आपल्या तंबूंकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बर्फ आला. पोस्टवर नवे चौघं गेले होते, या वेळी सगळे ओमानी. संध्याकाळचा रिपोर्ट मुराद स्वतः घेत होता आणि मी शेजारी चहा पीत उभा होतो. त्यांचं बोलणं अरबीत चाललं होतं, मला फारसं कळत नव्हतं. बर्फ, वारा, पाणी, असं काहीतरी. शेवटी मुरादनं एक प्रश्न विचारला आणि त्यात मला एक शब्द ओळखीचा लागला. खरखरीतून वरचा जवान उत्तरला, मुरादनं पढवलेल्या हिंदीत. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो कधी हिंदुस्थानात गेला नसावा, खटाव कुठं आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"शेलार हाजिर," तो म्हणाला. "शेलार जागा हुआ है."