मॅनेजर झाल्याची मिठाई

रुखसार, आणि मोहल्ल्यातल्या ज्यांचे ज्यांचे नवरे इकडे यायला निघालेत त्या सगळ्याजणी,

मी गाव सोडलं त्या सकाळी माझ्या बॅगेत माझं असं काही उरलंच नव्हतं. बाया एकेक पुडकं घेऊन येत होत्या, हे माझ्या फैजलला दे, हे आमच्या ह्यांना दे, सुकट, लोणचं, कुणाचं औषध, आणि अम्मी माझे ड्रेस बाहेर काढून त्यांची पुडकी आत कोंबत होती. म्हणाली, "कपडे तिथे मिळतात गं, आईच्या हातचं मिळत नाही." रुखसार, तू उंबऱ्यात बसून रडत होतीस. अब्बा म्हणाले, "नवरा जिथे तिथे तुझं घर, आता मागे बघू नको." मी एकोणीस वर्षांची, सातवी शिकलेली. नाही बघितलं मागे.

सात वर्षं झाली. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत, एका फ्लॅटची एक खोली आमची, दुसऱ्या खोलीत केरळचं जोडपं, किचन कॉमन. गावी भरती आली की खाडीच्या आवाजावरून कळायचं, इथे एसीचा आवाज थांबला तर मी झोपेतून उठून बसते. इनाया सहा वर्षांची झाली, मी मराठीत ओरडते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

खालच्या मजल्यावर हंगेरी देशाची एक म्हातारी राहते. तिचा मुलगा दिवसभर ऑफिसात, म्हणून दुपारी मी तिच्या सोबतीला बसते, इनाया शाळेतून तिथेच येते. हंगेरी कुठे आहे ते मला अजून नीट माहीत नाही. तिच्या भिंतीवर एक फोटो आहे, मिशा, कोटावर पदकं, हातात टोपी. मला वाटलं राजा. राजा नाही, तिचे आजोबा, तिकडचे मोठे जमीनदार सरदार, पुढे देशाचे पंतप्रधान झालेले.

रमजानच्या आधी ह्यांच्या मालकाने ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. कार्गो कंपनी, हे तिथे कागदपत्रं बघतात. मालक म्हणाला, "कंपनीच्या लायसन्सवर तुझं नाव टाकतो, आजपासून तू मॅनेजर." पगार तोच. पण तुम्हाला आठवत असेल, सासूने मोहल्लाभर मिठाई वाटली, दिराने स्टेटस ठेवलं, तू मला फोन करून म्हणालीस, मॅनेजरीणबाई, आता आमच्याशी बोलणार का.

हे सही करून कॉपी घरी घेऊन आले. सगळं अरबीत. ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, मदरशात शिकलेला माणूस, एक अक्षर अडलं नाही. अर्थ दोघांनाही कळला नाही. आणि रुखसार, अरबी अक्षरांचा कागद नुसता खाली पडला तरी आपण उचलून डोळ्यांना लावतो, त्याच्यावर शंका घ्यायची कशी? मी तो कपाटावर सगळ्यात उंच ठेवून दिला, पाय लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी म्हातारीसाठीही मिठाई नेली. तिने खाल्ली नाही. तिचं अर्धं इंग्लिश मला कळत नाही, म्हणून इनाया मध्ये बसून सांगत होती. म्हातारीने विचारलं, "मालक स्वतः सही का करत नाही?" मी म्हटलं, विश्वास आहे ना ह्यांच्यावर. तर ती फोटोकडे बघून बोलायला लागली.

पहिल्या मोठ्या लढाईत तिचा देश हरला, राजा गेला, देशाचे तुकडे दुसऱ्यांनी वाटून घेतले. मग पुढाऱ्यांना एक स्वच्छ, खानदानी नाव हवं होतं, लोक ज्याच्यावर विश्वास ठेवतील असं. आजोबांना आधी मंत्री केलं. पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या गावात चर्चच्या घंटा वाजवल्या. आणि मग सहीसाठी कागद यायला लागले. एक कागद असा की यहुदी पोरं कॉलेजात अमुकच घ्यायची, जास्त नाहीत. त्यांचा घरचा डॉक्टर यहुदी. त्याला आजोबा म्हणाले, हा नुसता कागद आहे, मी बसलोय ना. पुढचा कागद त्याहून वाईट आला. दर वेळी घरी येऊन म्हणायचे, मी नाही केली सही तर माझ्याहून वाईट माणूस करेल. शेजारच्या ताकदवान देशाची माणसं फुलं घेऊन यायची, जेवायची, कागद ठेवून जायची. दुसरी लढाई संपली तेव्हा कागद लिहून आणणारे सगळे पळालेले होते, आणि प्रत्येक कागदाखाली एकच नाव होतं. त्यांना घरातून गाडीत घालून नेलं, परत आणलं नाही. त्या डॉक्टरचं कोणीच उरलं नाही.

इनाया म्हणाली, "अम्मी, शी सेज ही न्यू. ही वॉजन्ट स्टुपिड." म्हातारीने मान हलवली. माझे आजोबा बिचारे नव्हते, म्हणाली, त्यांना सगळं माहीत होतं. तुझ्या नवऱ्याला काय काय माहीत आहे ते विचार.

मी कागद घेऊन टायपिंग सेंटरमध्ये गेले, तिथे लोकांचे अरबी सरकारी कागद भरून देतात. तिथला मल्याळी भाई वाचून म्हणाला, "बहन, इसमें लिखा है, जो भी माल आएगा-जाएगा, जवाबदार मॅनेजर." मग ह्यांना विचारलं. म्हणाले, "दोन कंटेनरवर टाईल्स लिहिलंय, आत टाईल्स नाहीत. मी बघितलं नाही, पण मला माहीत आहे." मी म्हटलं, नाव काढा. म्हणाले, "त्याला मालकाची सही लागते." मालक दहा दिवसांसाठी बाहेर गेला होता. आज तेविसावा दिवस. फोन बंद. ऑफिसातला पोऱ्या म्हणतो, इन्शाल्ला येतील.

सोमवारी दोन सरकारी माणसं ऑफिसात येऊन विचारून गेली, मॅनेजर कोण.

हे म्हणाले, "तू इनायाला घेऊन गावी जा, तुमच्यावर काही नाही." मी विचारलं, आणि तुम्ही? म्हणाले, "मला एअरपोर्टवर अडवतील बहुतेक." आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्यावर आवाज चढवला. म्हटलं, ते न्यायला येतील म्हणून वाट बघत बसू नका, जे माहीत आहे ते स्वतः जाऊन सांगा, कंटेनरचं, मालकाचं, सगळं. कदाचित चूक केली मी. मला काय कळतं कायद्यातलं.

आज सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून पोलिसांकडे गेले. फोन तिथे बाहेर जमा करायला लागतो म्हणाले. आता साडेचार झालेत. मी इथे लिहीत बसलेय, जिन्यात पाय वाजले की लिहिणं थांबतं.

सासूला अजून काही सांगितलेलं नाही, तू सांग, आणि आधी हे सांग की मिठाई वाटायच्या आधी विचारायचं, कसला मॅनेजर, कुणाच्या जागी. तू परवा विचारलंस घरी कधी येणार. दोघींची तिकिटं मिळतात, मी नाही म्हटलं. नवरा जिथे तिथे घर, अब्बांचं तेच मी धरून ठेवलंय, आणि आत्ता हे कुठे आहेत ते मला माहीत नाही, रुखसार, म्हणजे या घडीला माझं घर कुठे आहे तेच मला माहीत नाही.