दिलरुबा आपाचा कायदा

ढाक्यात नीलखेतजवळच्या त्या ग्रंथालयाचं फाटक आठला उघडायचं, पण उजाडलं की बाहेर बॅगांची रांग लागलेली असे. माणसं समोरच्या टपरीवर परोटा-डाळ खात आणि बॅगा त्यांच्या वतीनं उभ्या राहत. या रांगेची फौजदार नेत्रकोना जिल्ह्यातून आलेली दिलरुबा आपा, आणि न्यायाधीशही तीच. फाटक उघडताना बॅगेमागे माणूस नसेल तर बॅग बाहेर, हा कायदा तिचाच. नाजिफा नावाची नवी पोरगी एकदा चहा संपवत बसली, तर आपानं तिची बॅग सरळ फुटपाथवर भिरकावली.

"आपा, दोनच मिनिटं झाली हो!"

"दोन मिनिटांत मागचीची खुर्ची जाते. रड खुशाल, पण रांगेच्या शेवटी जाऊन रड."

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिनंच नाजिफाला शेजारी बसवलं आणि तिच्याकडून इंग्रजी घोटून घ्यायला लागली. बीसीएस या सरकारी अधिकारी भरतीच्या परीक्षेची ही आपाची शेवटची खेप. वयाची मर्यादा संपत आली होती. यंदा सरकारी नोकरी नाही तर कधीच नाही. घरून आई फोनवर रोज नवं स्थळ सुचवी. आणि घोडं दरवेळी अडायचं कुठे, तर त्या इंग्रजीत!

"काय छळ आहे बघ," आपा पुस्तक आपटायची. "माणूस कॉलऱ्यानं मेला तर 'ऑफ', विषानं मेला तर 'बाय', देशासाठी मेला तर 'फॉर'. अगं, मेला ना एकदाचा? मग पुरा की त्याला! उद्या अधिकारी झाले तरी कचेरीतलं सगळं काम बंगालीतच ना?"

"आणि परीक्षा देऊन देऊन मेला तर, आपा?"

"दात काढू नकोस. पुढची ओळ म्हण."

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. नाजिफाचा नंबर होता, आपाचा नव्हता. आपानं यादी दोनदा वर-खाली केली, "जळो मेलं ते!" म्हणत फोन उशीखाली कोंबला आणि तोंडावर पांघरूण ओढलं. वसतिगृहाच्या खोलीतल्या पोरींसमोर रडायची तिला लाज वाटली.

सकाळी फोन वाजला. नाजिफा होती.

"आपा, कुठे राहिलात? फाटक उघडतंय! तुमच्या नावानं माझी जुनी बॅग ठेवलीय, मागचे बोंबलताहेत."

"माझी कशाला? माझं संपलं, नाजू."

"मला नाही माहीत. मी हलवणार नाही. लेखीचा अभ्यास मी एकटीनं करायचा काय?"

आपा उठून बसली. "त्या बॅगेमागे कोण आहे?"

"कुणी नवी आहे. कुरीग्रामची. रडकुंडीला आलीय."

"मग वाट कसली बघतेस, गाढवे? कायदा माहीत नाही? काढ ती बॅग."

"आपा..."

"भिरकाव म्हणते ना!"

फोनमधून फाटकाची करकर आली, मग धावणारी पावलं. आपानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"बसली का गं ती?"

"बसली, आपा."